नावं चालू असताना मी उठून आलो

नाव: ओळखपत्र पाहून रजिस्टरला घेतले आहे, बाजारात कॉमिकवाला म्हणतात. वय: ६३ वर्षे. धंदा: जुनी पुस्तके व कॉमिक भाड्याने देणे. राहणार: दुकानामागची खोली, बाजारपेठ.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. काल दुपारी सिनेमागृहात खुर्चीवर मृत आढळलेला इसम माझा मित्र होता. वय ६५, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, नजर कमी झाल्यामुळे चार वर्षांपासून काम बंद होते. जबाब लिहिणाऱ्या मॅडम त्याला 'मयत' लिहीत होत्या, ते मला ऐकवेना. मी त्याला जन्मात पेंटर सोडून दुसरी हाक मारलेली नाही. यापुढे पेंटर असेच लिहावे ही माझी विनंती त्यांनी मान्य केली.

एकतीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या दुकानाची पाटी रंगवली. पाटी वाळेपर्यंत आत बसून कॉमिक वाचले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागला. माझे दुकान सहा फूट बाय आठ फूट आहे, म्हणून तो मला शेठ म्हणायचा. सुपरहिरोचा नवा सिनेमा लागला की पहिल्या शुक्रवारचा पहिला खेळ आम्ही दोघे बघतो. कॉलेजच्या मुलांच्या गर्दीत आम्हा दोन म्हाताऱ्यांना बघून दारावरचा माणूस हसतो. काल सव्वाअकराचा खेळ होता. पेंटर वेळेवर आला होता. तब्येतीची काही तक्रार त्याने केली नाही. जिना चढताना दोनदा टेकला, पण जिना चढताना मीही टेकतो.

आमचे मत कधी जुळायचे नाही. माझे म्हणणे मी मॅडमना सविस्तर सांगितले. हे सगळे लिहायचे का, असे त्यांनी विचारले. मी लिहा म्हणालो, कारण भांडण त्यावरूनच झाले. हल्लीच्या सिनेमात अख्खे शहर कोसळते आणि ढिगाऱ्याखाली एक माणूस दिसत नाही. हिरोच्या छातीत भाला घुसलेला असतो आणि तो विनोद करतो. मेलेला कोणी मेलेला राहत नाही. कॉमिकवाले हे चाळे करत नाहीत असे नाही, नवीन अंक तर मी अर्ध्यात टाकून देतो, पण तिथे निदान चित्र काढणाऱ्याचा हात दिसतो. पेंटर म्हणायचा, "शेठ, किती किरकिर करशील. उडतोय ना तो? उडू दे की."

कालच्या सिनेमातल्या हिरोला आम्ही पंखवाला म्हणतो. तो दोन भागांपूर्वी मेला. ज्या कॉमिकमध्ये तो मरतो ते आम्ही माझ्याच दुकानात एकत्र वाचले होते. त्याच्या शेवटच्या पानावर रिकामे आकाश आहे, एक अक्षर नाही. पेंटरचा जन्म अक्षरे काढण्यात गेला, पण तो तेव्हा म्हणाला होता की इथे अक्षर घातले असते तर सगळ्याची माती झाली असती. त्या पानाबद्दल आमचे एकमत होते.

काल त्याच पंखवाल्याला दुसऱ्या कुठल्याशा विश्वातून परत आणला. तोच चेहरा, तेच पंख, आणि त्याची बायको पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडते. लोक शिट्ट्या मारत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारी बघतो तर पेंटर चष्मा काढून डोळे पुसत होता.

मी म्हणालो, "काय पोरखेळ लावलाय. मेला तो मेला. मग मागच्या वेळी आपण रडलो ते काय उगीच?"

पेंटर म्हणाला, "येऊ दे की रे. एखादा आला परत, तर तुझं काय जातंय?"

मी म्हणालो, "वहिनी आल्या का परत?"

हे वाक्य मी बोललो. मॅडमनी दोनदा विचारले, दोन्ही वेळा मी हो म्हणालो. पेंटरची बायको चौदा महिन्यांपूर्वी वारली. मला भाऊजी म्हणायची. तिच्या आजारपणात मी दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसलो आहे. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे, पण हे त्याला बोलायला नको होते. मला त्याची लाज वाटते.

पेंटरने चष्मा परत लावला आणि पडद्याकडे बघत बसला. दहा मिनिटांनी, एक पन्नासला, सिनेमा संपला आणि नावे सुरू झाली. अशा सिनेमात नावे संपल्यावर एक छोटा तुकडा दाखवतात, पुढच्या भागात काय होणार त्याचा. त्यासाठी लोक बसून राहतात. पेंटर तुकड्यासाठी बसायचाच, पण नावेही वाचायचा, दिसतील तेवढी. इतक्या लोकांनी घाम गाळलाय, नाव तरी वाचावं, म्हणायचा. मी उठायला लागलो की दर वेळी एकच वाक्य, "थांब जरा, शेवटचा तुकडा बाकी आहे."

काल मी उठलो तेव्हा तो फक्त "थांब जरा" एवढेच म्हणाला. पुढचे म्हणाला नाही. माझ्या शर्टाची बाही त्याने धरली होती. मला वाटले नेहमीचेच चालले आहे. मी बाही सोडवून घेतली आणि म्हणालो, "बस तू तुझ्या तुकड्याची वाट बघत." तोंडाकडे बघितले नाही. त्याला त्या वेळी त्रास होत होता काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मला माहीत नाही. बघितले असते तर कळले असते.

मी खाली पोस्टरपाशी उभा राहिलो. तो उतरला की चहा पाजून माफी मागायची असे मनात होते. नावे नऊ-दहा मिनिटे चालतात. दोन वाजून दहा मिनिटे झाली तरी तो आला नाही, म्हणजे रुसून बसला, असे मी धरून चाललो. वर जाऊन बघावे असे एकदा मनात आले, पण मीच का जायचे म्हणून गेलो नाही. दोन वीसला तिथून निघालो आणि अडीचला दुकान उघडले.

सफाईच्या बाईंनी मला नंतर सांगितले की त्या सव्वादोनला झाडायला आत गेल्या, तेव्हा पेंटर पडद्याकडे तोंड करून बसलेला होता. त्यांना वाटले, काका शेवटच्या तुकड्यासाठी थांबलेत, अजून उठले नाहीत. त्या त्याला "पाय वर घ्या" म्हणाल्या आणि त्याने घेतले नाहीत, म्हणून पायांच्या कडेने झाडून पुढे गेल्या. बाईंचा काही दोष नाही. डॉक्टरांच्या मते मृत्यू दोनच्या सुमारास झाला. त्या वेळी मी खाली पोस्टर बघत होतो.

दोन चाळीसला पेंटरच्या फोनवरून फोन आला. मी उचलला आणि म्हणालो, "आली का अक्कल ठिकाणावर?" पलीकडे दारावरचा माणूस होता.

पेंटरला एकच मुलगी, परगावी नोकरी करते. तिला मीच कळवले. कोणावर माझा संशय अथवा तक्रार नाही. मॅडमनी आणखी काही सांगायचे आहे काय असे विचारल्यावरून सांगतो की, फोनवर मुलीने मला एकच विचारले. "काका, तुम्ही होतात ना जवळ?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग बरं. आईच्या वेळी कोणीच नव्हतं, बाबांना तेच लागून राहिलं होतं." त्यावर मी तिला सांगितले की मी त्याचा हात धरून बसलो होतो, आणि तो शांतपणे गेला.

ते खोटे आहे. जबाबाची नक्कल वारसाला मिळते असे मॅडमनी सांगितले, आणि मुलीला सांगितलेला भाग हवा तर वगळते म्हणाल्या. मी वगळू नका म्हणालो. ती आज पाचच्या गाडीने येते आहे. मी स्टँडवर जाऊन तिला माझ्या तोंडाने सांगेन, तोवर नक्कल देऊ नये एवढीच विनंती आहे.

वरील जबाब मॅडमनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. 'शेवटच्या वेळी पेंटरजवळ कोणी नव्हते' हे वाक्य त्यात नव्हते, ते मी माझ्या सांगण्यावरून इथे घालून घेतले. ते धरून सर्व मजकूर बरोबर आहे.