हजार फुटांचं धुरांडं

नाही हो, हरकत कसली, बसा की! पण नुसती गंमत बघायला आला असाल तर पुलाजवळ जा, तिथून धुरांडं पडताना छान दिसेल म्हणतात. इथूनच? बरं, मग बसा. भोंगा झाला की पाडतील.

माझा नवरा एमेट हे धुरांडं बांधायला मुकादम होता. कोळशाच्या वीजकेंद्राचं आधीचं धुरांडं बुटकं होतं हो — कपडे वाळत घालायच्या आधी आम्ही बायका दोरी ओल्या फडक्यानं पुसायचो, नाही पुसली तर चादरीवर काळी रेघ ठरलेली. या नदीकाठच्या अख्ख्या ओहायोत कुणालाही विचारा. मग सरकारचा नियम आला, गावातली हवा स्वच्छ पाहिजे. मोजायची कुठं? तर शाळेच्या छपरावर एक पेटी ठेवलेली, तिच्यात. मग केंद्रवाल्यांनी काय केलं? धूर कमी केला? छे! धुरांडंच उंच केलं. धूर गेला पेटीच्या डोक्यावरून. पेटी खूश, सरकार खूश — आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही खूश. चर्चमध्ये गावजेवण झालं. एमेट म्हणाला, "हेस्टर, टाक आता ते फडकं चुलीत." धूर जातो कुठं, हे कुणी विचारलंच नाही. वर गेला म्हणजे गेला.

आमची लेनोरा, मुलगी माझी — तिचा वेस्ली तान्हा असल्यापासून धापा टाकायचा. बुटक्या धुरांड्याच्या काळातली गोष्ट ही. मीच म्हटलं, "अगं, याला घेऊन पूर्वेला डोंगरात जा, पेनसिल्व्हेनियात, आत्याकडे. लेकरू मोकळा श्वास घेईल." गेली बिचारी. आणि ती गेल्यावर हे उंच धुरांडं उभं राहिलं — कळलं का तुम्हाला? इथली हवा निवळली ती पोर गेल्यावर. आणि इथला वारा वाहतो पूर्वेला. उन्हाळ्यात त्यांच्या डोंगरावर पांढुरकं काहीतरी बसून राहायचं. ती फोनवर म्हणायची, "आई, हा इथं जास्तच खोकतोय गं." मी म्हणायची, "फुलं उमललीत, त्याचं असेल. तू खिडक्या उघड्या ठेव, डोंगराची हवा आत येऊ दे." आता सांगा, कुठली आजी असं म्हणणार नाही? तिनं ठेवल्या. आईचं ऐकलं. ऑगस्ट होता, ऐन उन्हाळ्याचा उकाडा — त्याच्या उशाशीच खिडकी, आणि सकाळी ती उठवायला गेली तर —

राहू दे. नको, रुमाल आहे माझ्याकडे.

मग त्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं आमच्या केंद्रावर खटला भरला, तुमचा धूर आमच्याकडे येतो म्हणून. गावात हसले हो सगळे. "आता वाऱ्याला बेड्या घालणार का?" म्हणे. एमेटही हसला. आणि साक्षीला कोण उभं राहिलं? लेनोरा. तेव्हापासून एक फोन नाही. बापाच्या मातीलाही आली नाही. मी रागावले का? नाही. कुठल्या तोंडानं रागावू? शेवटी ते जिंकले, केंद्र बंद पडलं. काल आत्याचा निरोप आला, लेनोरा येतेय, पडताना बघायचंय म्हणे तिला. म्हणून या बाकावर बसलेय, रस्त्यावरून सरळ दिसते ना मी. बोलू नये तिनं. नुसतं शेजारी बसावं.

ती बघा — ती करडी गाडी, त्या राज्याची नंबरपाटी — तीच उतरली! केस किती पिकले हो पोरीचे. तुम्ही जरा सरकता? बघितलं तिनं इकडे. बघितलं ना? तुम्हीही पाहिलंत ना —

भोंगा.

... पडलं. लोक काय ओरडताहेत, लग्न असल्यासारखे. ती नाही ओरडली. उभीच आहे. हाक मारू का? येईल का हाकेला? — अं? नाही, गाडीत बसली. वळवतेय फक्त. वळवून येईल इकडे.

गेली.

ही धूळ बघा, सगळी आमच्याकडेच येतेय. आज वारा फिरला वाटतं. येऊ दे. तुम्ही उठा बाबा, कपडे खराब होतील तुमचे. नको, मला नका उठवू. जा तुम्ही.