शेठनी फिरायला नेलं

नाही हो सुनंदाबाई, मी कुठं काय म्हणते — मी आपलं सहज विचारलं, की तुमचा कुत्रा आमच्या शेठना बघून भुंकला का नाही? गाडीला भुंकला. मला भुंकला. आणि ह्यांनी काच खाली केली तर शेपूट हलवायला लागला! जळगावात कापडाचं दुकान कुणाचं, इंदरचंदशेठ कोण, हे कुत्र्याला काय माहीत — बस्ता बांधायला कुत्रं थोडंच येतं दुकानात? तुम्ही आला होतात, तुमच्या मोहिनीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडचाच, ते आहे माझ्या लक्षात. पण तुम्ही दुकानात आलात म्हणून शेठ इथं शेतात कसे ओळखीचे? — बसा हो, चहा होईल सावकाश. आज सव्वीस जानेवारी, बाजार बंद, मला काही घाई नाही.

सकाळी मीच म्हटलं, चला, कुठंतरी फिरून येऊ. कुठं म्हणाले. मी म्हटलं, कुठंही, नुसतं जाऊ — मी घराबाहेर पडते ती तीर्थाला नाहीतर कुणाच्या लग्नाला, दोघंच असे कधी गेलोच नाही. बरं, निघालो. भुसावळ गेलं, फैजपूर गेलं, दोन्हीकडं केळीच केळी, थंडगार वारा, मला तर शाळेची सहल निघाल्यासारखं वाटत होतं. आणि मग हा माणूस — ज्याला स्वतःच्या घरात मिठाचा डबा सापडत नाही — ह्यानं पाटी नाही, विचारणं नाही, सरळ कच्च्या रस्त्याला गाडी घातली, तुमच्या गोठ्याला वळसा मारला आणि ह्या निंबाखाली बरोबर सावलीत लावली! आणि वर मला म्हणतात, कुणाचं शेत आहे बघू या.

खरं सांगू? तुमच्याजवळच ठेवा. फिरायचं निमित्त होतं. दर हिवाळ्यात हे म्हणतात, भुसावळला व्यापाऱ्याकडं जाऊन येतो. येतात वेळेवर, दिवस मावळायच्या आत, त्यात खोट नाही — पण शर्टाला धुराचा वास. भुसावळच्या कापडाला काय धूर असतो? आमची सून, विधी, हसून म्हणाली, मम्मी, पप्पांचं बाहेर काहीतरी आहे. ती म्हणाली गमतीनं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. ह्या वयात! कवळी बसवलेला नवरा — पण मन ऐकतं का? म्हटलं, शेजारी बसायचं आणि गाडी कुठं वळते ते बघायचं. वळली ती इथं. आणि दारात तुम्ही, 'या शेठ' म्हणून — हसू नका हो! घटकाभर तुमच्यावरसुद्धा संशय घेतला मी, काय करता. मग तुमचे मालक, लोटनभाऊ, आले, आणि दोघं खांद्यावर हात टाकून केळी बघायला गेले. केळी! केळीतलं ह्यांना सोलण्यापलीकडं काय समजतं?

तिकडं काय बघता सारखं? — धूर? कसला धूर? काड्या पेटवल्यात कपाशीच्या — आणि त्यात वांगी? भरताची? अगं बाई... सुनंदाबाई, आम्ही जैन, आमच्यात वांगं चालत नाही हो! कांदा नाही, लसूण नाही, आणि वांगं तर उंबरा ओलांडत नाही, फार बिया म्हणून. ह्यांनी तर महाराजसाहेबांसमोर नियम घेतलाय. हे इथं येऊन भरीत खा — खात नाहीत? मग? — नुसते बसतात?

थांबा, नीट सांगा मला. केळीचं कॅरेट उपडं घालून त्यावर बसतात. लोटनभाऊ वांगी भाजतात. आणि हे वास घेतात. आणि वासाबरोबर खिशातला खाकरा खातात! तरीच माझा खाकऱ्याचा डबा थंडीत पुरत नाही. आणि वर लोटनभाऊंना शिकवतात? 'ते देठाकडं कच्चं राहिलं, फिरवा'? अहो, उभ्या जन्मात तोंडात घातलं नाही त्या माणसानं!

हसू येतंय, पण राग पण आलाय मला, चांगलाच आलाय. वासाचा नाही हो — वासाचं मी काय बोलणार? आमच्या शेजारी चौधरींच्या गच्चीवर थंडीत भरीत होतं. काड्या पेटल्या की मी पापड उलटायला वर जाते. पापड नसले तरी जाते. लसूण-मिरची कुटायला लागले की कठड्याला धरून उभी राहते, आणि हे वर आले तर काय सांगू म्हणून कान जिन्याकडं — हे आजवर कुणाला बोलले नव्हते, तुम्हाला कशी बोलून बसले कुणास ठाऊक. इतका नेमानं वागणारा माणूस, मला काय म्हणेल, असं वाटायचं. आणि तो इथं! मी त्यांना भ्यायची, ते मला भ्यायचे. मला एकदा नुसतं 'चल' म्हणायचं होतं त्यांनी. एकट्यानं काय बसायचं असं, चोरासारखं?

काय? सकाळी फोन आला होता? ह्यांचा? — 'आज हीराला घेऊन येतो, वांगी जरा जास्त काढून ठेवा'... असं म्हणाले? हीरा म्हणाले? मग मला का नाही — हां. तापीच्या पुलावर गाडी थांबवली त्यांनी. एक सांगायचंय म्हणाले. मी बघतेय तोंडाकडं, तर म्हणतात, यंदा पाणी कमी दिसतंय. मला वाटलं, आता त्या बाहेरच्या बाईचं नाव घेतात. आणि बिचारे सांगणार होते वांग्याचं!

चहा राहू द्या. कॅरेट आहे का अजून एक? द्या, मी नेते, जड नाही. लोटनभाऊंना हाक मारून घ्या इकडं, काहीतरी काम सांगा — पण आधी मिरच्या टाकायला सांगा विस्तवात, भरपूर. आणि तुम्ही कुठं निघालात माझ्याबरोबर? बसा इथंच. आम्ही नवरा-बायको फिरायला आलोय, जरा एकटं राहू द्या आम्हाला.