आईचा गुडघा

हाडांच्या दवाखान्यात मार्वा मुलाची वाट पाहत बसली होती. केसन आत गुडघा दाखवत होता. कोचला कळलं तर मोसमाआधीच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातली, पुढच्या बचावफळीतली त्याची जागा गेली असती, म्हणून तिने मुद्दाम साठ मैलांवरचं हे गाव निवडलं होतं. पण समोर येऊन बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यावर केसनच्याच कॉलेजच्या लाल टोप्या होत्या.

"फळीतले बाकीचे चौघे भिंतीसारखे आहेत, ऑर्विल. मला शंका आहे ती डाव्या टोकाची."

"केसनची? त्याला ओलांडून मागे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत कोण पोचणार रे?"

"मग सरावाची दारं बंद का? लपवायचं काही नसेल, तर दार कशाला लावतात?"

"रॉय, तू दर ऑगस्टमध्ये हेच म्हणतोस."

"पेपरातला फोटो बघ. फळीतले सगळे सरावाला दोन्ही गुडघ्यांना आधार बांधतात. केसनचा डावा आधार नवाकोरा आहे."

"जुना तुटला असेल, बाबा!"

"तेच विचारतोय. कशाने तुटला?"

दार उघडलं आणि केसन भिंतीला धरून बाहेर आला. मार्वा उठली, लंगडत पुढे गेली आणि तिने त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतला.

"हळू चल रे. माझा गुडघा फार ठणकतोय."

"अरे, हा तर केसनच! घे रॉय, आईचा गुडघा निघाला. जपा हो, बाई!"

मायलेक बाहेरच्या दारापाशी पोचले, तेव्हा मागून आवाज आला.

"झालं समाधान, रॉय?"

"झालं की. फक्त एवढं सांग, पेशंटची कागदी पट्टी पोराच्या मनगटावर का होती?"