सप्त्यासाठी घेतलेली सुई

अकोल्यात हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मूर्तिजापूरकडचे वामनराव पखवाजी आणि त्यांची लेक आकांक्षा बसले होते. परवा त्यांचा गुडघा बदलायचा होता.

"बाबा, गुडघ्यात सुई घेतल्याचं इथं सांगू नका."

"काहून? चोरी केली का म्या?"

"बावीसच दिवस झाले तिले. इतक्या लवकर चिरलं त आत पू व्हायची भीती वाढते म्हनते. ऑपरेशन तीन महिने पुढं ढकलतीन."

"अन् पू झाला त गुडघा कोनाचा जाईन?"

"मले पुन्हा सुट्टी भेटत नाही, बाबा. कोनं सांगतलं होतं सुई घ्याले?"

"सप्त्यात रोज दोन तास पखवाज बांधून कोन उभं राहनार होतं? तुहा नवरा?"

"खुर्चीवर बसून वाजवा म्हनलं होतं."

"महाराज उभे, टाळकरी उभे, अन् मी खुर्चीत?"

"मंग आज तरी चूप राहा."

"चाळीस वर्सं झाले. महाराज 'खरं बोला' म्हनते, तवा थाप माहीच पडते. अन् आता मीच लपवू?"

"वामनराव कोण?" नर्सनं विचारलं.

"मी! बावीस दिवसांआधी गुडघ्यात सुई घेतली. आधी हे लिहा, मंग तारीख बदला."

"बदलावीच लागेल, आजोबा. आणि आता परत सुई घ्यायची नाही."

"नाही घेत."

"मंग पुढच्या महिन्यातल्या पातूरच्या सप्त्याचं काय, बाबा?"

"खुर्ची पाहून ठेव. बिनहाताची पाह्यजे, पखवाज अडला नाही पाह्यजे."