अगली सूचना तक

शामराव : मालकांच्या नोटिशीतली तिसरी ओळ परत वाच. मघाशी तू भरभर वाचलीस.

पूर्णिमा : ‘जानकी मिल स्थायी रूप से बंद है, यह जानकारी स्थानीय निवासियों ने स्वयं ऑनलाइन नक्शे पर दर्ज की है. प्रति संलग्न.’ आणि खाली, क्वार्टर नंबर एक ते आठ तीस दिवसांत खाली करा.

शामराव : स्थानीय निवासी म्हणजे आपली आठ घरं. त्यातल्या सात घरांत माऊस दिसला तर मांजर सोडतात. राहिलं तुझं घर.

पूर्णिमा : हो काका. मीच टाकलंय.

इंदुमती : आल्या आल्या कोर्ट भरवलंत. पोरगी कॉलेजातून सरळ आलीय, आधी पाणी तरी पिऊ द्या तिला.

शामराव : पिऊ दे. तीस दिवस आहेत.

पूर्णिमा : काकू, राहू द्या. काका, मला मालूमच नव्हतं की असं काही होईल. मल्हारगंजला वर्कशॉप होतं ना, ‘आपला मोहल्ला नकाशावर’. रजत सर म्हणाले, तुमच्या भागाची माहिती तुमच्याइतकी कुणाला असणार, तुम्हीच टाका. मी त्रेचाळीस जागा टाकल्या. पाण्याची टाकी, पोह्याचा ठेला, शाळा, लेबर ऑफिसची गल्ली. सगळ्यात जास्त माझ्याच होत्या. टोपी दिली मला.

शामराव : टोपी तर आम्हालाही घातली. एन्ट्री कशी झाली ते सांग.

पूर्णिमा : मिल टाकायला गेले तर लिस्टमध्ये मिल हा प्रकारच नव्हता. म्हणून त्यातल्या त्यात जवळचं निवडलं. कपड्यांचं दुकान.

इंदुमती : अगंबाई.

पूर्णिमा : मग लोक यायला लागले. खजरान्याहून एक फॅमिली लग्नाच्या साड्या घ्यायला आली. गेटवर ताळं बघून परत गेली आणि एक स्टार देऊन लिहिलं, ‘स्टाफ नदारद, शटर डाउन.’ अशा चार जणांनी लिहिलं. सरांचा फोन आला, म्हणाले, चुकीच्या माहितीने लोकांना त्रास होऊन राहिलाय, लगेच सुधार. तर मी सुधारलं.

इंदुमती : एकोणीस वर्षांत पहिलं गिऱ्हाईक आलं मिलला, आणि आत कुणी नाही.

शामराव : सुधारलंस म्हणजे नेमकं काय केलंस?

पूर्णिमा : तीन ऑप्शन असतात. चालू, तात्पुरतं बंद, कायमचं बंद. मी तिसऱ्यावर क्लिक केलं. काका, मिल बंदच तर आहे. चिमणीवर पिंपळ उगवलाय.

शामराव : पिंपळाबद्दल अलॉटमेंटच्या कागदात काही नाही. कागदात लिहिलंय, मिल कायमची बंद झाल्यास कर्मचाऱ्याने तीस दिवसांत क्वार्टर सोडावं. आणि ब्याण्णव साली गेटवर जी नोटीस लावली तिच्यात काय होतं? ‘अगली सूचना तक बंद.’ त्यानंतर मालक तीन झाले, सूचना एकही आली नाही. जमीन विकली तरी कुणी नोटीस बदलली नाही, कारण कायमची बंद लिहिलं असतं तर सरकारची परवानगी लागली असती आणि सगळ्यांचा हिशेब चुकता करावा लागला असता. त्यांच्या वकिलाने कोर्टात दरवेळी म्हणायचं, मिल संपली. आपल्याने म्हणायचं, तसा कागद दाखवा. एवढ्या वर्षांत त्यांना तो कागद सापडला नाही. तू रंगीत प्रिंट दिलीस.

पूर्णिमा : पण ती नोटीसच खोटी होती ना?

शामराव : खोटीच होती. त्या खोट्याखाली आठ घरं राहतात. मी टाइमकीपर होतो, पूर्णिमा. उशिरा आलेला आणि न आलेला, दोघांचा रकाना वेगळा. हातात डबा घेऊन गेटवर उभ्या माणसाला गैरहजर लिहायची माझी टाप नव्हती.

पूर्णिमा : डब्याचं काढू नका, काका.

इंदुमती : अहो, गप्प बसा जरा.

पूर्णिमा : नाही काकू, बोलतेच आता. बाबा नऊ वर्षं रोज सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जायचे. आई म्हणायची, दुसरं काही बघा, सराफ्यात कुणाकडे तरी लागा. तर म्हणायचे, आज सूचना लागली असेल. सातव्या वर्गात होते मी. मैत्रिणी विचारायच्या, तुझे पप्पा कुठे जातात? मी सांगायचे, ड्यूटीवर. गेले ते पण तो डबा घासून ठेवून. तर त्या दिवशी क्लिक केलं ना मी, काका, खरं सांगू? मला बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं लिहिलं असं वाटलं.

शामराव : रघुवीर पाच मिनिटं आधी यायचा. सहा पंचावन्न.

पूर्णिमा : तुम्हाला कसं माहीत? मिल तर बंद होती.

इंदुमती : यांना विचार ना. हेही जायचे. दोघं बंद गेटसमोर उभे राहून एकमेकांना नमस्कार करायचे आणि हे वहीत त्याची हजेरी लिहायचे. मला सांगायचे, दूध आणायला जातो. रोज अर्धा लिटर दुधाला एक तास.

शामराव : लिहिली नसती तर तो आलाच नसता. घरात बसला असता. ते मला जास्त वाईट वाटलं असतं.

पूर्णिमा : मला हे कुणी सांगितलं नाही.

शामराव : नकाशावर टाकलं असतंस. चव्वेचाळिसावी जागा.

इंदुमती : झालं का दोघांचं? ते परत बदलता येतं की नाही, एवढं सांग. आमच्या वयाला दुसरी खोली कोण देणार? आणि तुझ्या आईला तरी कोण देणार?

पूर्णिमा : रजत सरांना विचारलं मी येतानाच. म्हणाले, खरी माहिती बदलून खोटी टाकली तर अकाउंट ब्लॉक होईल. सर्टिफिकेटही वापस घेतील. म्हणाले, घराचा प्रॉब्लेम जेन्युइन आहे, पण तो आमच्या प्रोजेक्टच्या स्कोपमध्ये येत नाही.

शामराव : बरोबर आहे त्यांचं. त्यांनी मोहल्ला नकाशावर आणायचं कबूल केलं होतं, जमिनीवर ठेवायचं नाही.

पूर्णिमा : आणि जुनी प्रिंट तर त्यांच्याकडे आहेच.

शामराव : असू दे. सुनावणी अठराला आहे. वकील म्हणतात, नवी प्रिंट आणा. त्यांचा नकाशा एक म्हणतो, आपला दुसरा, की मग जजसाहेब पुढची तारीख देतील. आम्हाला निकाल नको आहे, तारीख पाहिजे.

इंदुमती : ब्लॉक झालं तर तुझं कॉलेजात काही अडेल का गं? खरं सांग.

पूर्णिमा : टोपी जाईल, काकू.

(पूर्णिमा लॅपटॉप उघडते.)

पूर्णिमा : हे बघा. जानकी मिल. लाल अक्षरात आहे ना, ते. आता दुसरा ऑप्शन. तात्पुरतं बंद.

शामराव : लाल गेलं?

पूर्णिमा : नाही अजून. काहीतरी विचारतंय. ‘पुन्हा कधी उघडणार?’ तारीख टाकल्याशिवाय पुढे जाऊन नाही राहिलं.

इंदुमती : आता हे कुणाला विचारायचं?

पूर्णिमा : काका, कोणती टाकू?

शामराव : कोणतीही टाक. फक्त रविवार येत नाही ना, ते बघून घे. रविवारी सुट्टी असते.