अंतरपाटाची उलटी बाजू

अक्षरंच पायजेत का गं करिष्मा तुला? फुलं काढून दिली तर न्हाई चालायचं? — चारी बाजूनं वेल काढते, मधी कलश काढते, लई उठून दिसंल बघ तुझ्या अंतरपाटावर — न्हाई म्हणती? अक्षरंच? बरं बाई. बस तर खरी. तिथं नको, तिथं बॅग हाय — सरकवू नको, राहू दे, तिला हात नको लावू — इकडं पलंगावर ये. तुझे शहादेवकाका डेअरीला दूध घालायला गेलेत, येतीलच. ते आले की तुला सगळं रंगवून सांगतील, आमच्या लग्नाचं ऐकायला कुणी भेटायचीच खोटी असते त्यांना. तू तर लहानपणापासून ऐकतीस. गल्लीतल्या समद्या पोरी भिंतीवरच्या ह्या काचेतल्या आमच्या अंतरपाटाकडं बघतच मोठ्या झाल्या. — हां, तेच. वाच की. 'आजपासून एकही रात्र वेगळी नाही.' शिवल्यावाणी वाटत न्हाई, छापल्यावाणी वाटतं, असं म्हणतात लोकं. माझाच हात हाय तो. तवा लई बारीक चालायचा हात माझा.

खरं सांगू का, लग्न मातर आमचं लई गोड झालं. त्यात खोटं काहीच न्हाई. ह्यांचं म्हणणं, जे हातानं होतंय ते विकत आणायचं न्हाई — माझे वडील म्हणले, जावई चिक्कू दिसतो — पण चिक्कू न्हवते गं, हौस होती. पाट ह्यांनी स्वतः केले, बाभळीचे. त्यातला एक डुगडुगायचा, आन नेमका तोच माझ्या वाट्याला आला! अख्ख्या लग्नात मी तोल सावरत उभी — फोटोत बघ, तोंड तसं झालंय ते त्याच्यानं, लोकांना वाटतं नवरी लाजलीय. पत्रिका ह्यांनी हातानं लिहिल्या, पत्रावळी शेजारच्या बायांनी टोचल्या, हळद मी आन आईनं घरच्या जात्यावर दळली. आन अंतरपाटाचा दोरा — तो पळसाच्या फुलात उकळला. हे टोपलंभर फुलं सायकलला बांधून आलते वडवणीला, आमच्या दारात — लग्नाआधी असं येत न्हवतं गं कुणी — आन चुलीपुढं बसून दोघांनी मिळून दोरा पिळला. हळद लागायच्या आधीच दोघांचे हात पिवळे. आई बघून म्हणली, "आता भटजी कशाला बोलवायचा?" असं सगळं. अजूनबी ती फुलं आठवली की मला — थांब, पंखा लावते. गरम व्हायलंय.

तर ती अक्षरं. कोळशानं कापडावर ह्यांनीच लिहिली, तिथंच चुलीपुढं बसून. मला लई आवडली. का न्हाई आवडणार? बायकोसाठी असं कोण लिहितं गं? मी साखळीटाक्यानं काढली, घट्ट, कुणी ओढली तरी उसवू नयेत अशी. आन मग लग्नात — हे तुला सांगून ठेवते, तुझ्या वेळी ध्यानात ठेव — लग्नात धरणाऱ्यांनी अंतरपाटाची सरळ बाजू धरली ह्यांच्याकडं. कुणाला सुचलंच न्हाई. मंगलाष्टकं संपेस्तोवर हे वाचत उभे, आन माझ्या डोळ्यापुढं उलटी बाजू. नुसत्या गाठी, लोंबते दोरे, अक्षरं उफराटी. मीच काढलेलं मलाच वाचता येईना! तवा हसू आलतं मला. हसूच आलतं.

पण मला सांग, अंतरपाट असतो कशासाठी? — बाजूला काढायसाठीच ना? अक्षदा पडल्या की ओढून घेतात, माणसाला माणूस दिसतं, संपलं त्याचं काम. घडी करून पेटीत. आमचा काचेत गेला. चौकटबी ह्यांनीच केली, लग्नाचा मांडव उतरवला त्याच बांबूची. मग लोकं यायला लागली. कपिलधारला दर्शनाला गेलेली नवी जोडपी वाट वाकडी करून इकडं येतात, मोबाईलवर फोटो काढतात, आन हे चौकटीखाली उभं राहून सांगतात — "नुसतं शिवलं न्हाई, पाळलंय आमी. एक रात्र चुकली न्हाई." मी चहा आणते. आन खरंच चुकली न्हाई गं. वडवणी काय लांब हाय का? पण माहेरी गेले की सगळं ध्यान परतीच्या एस.टी.कडं. भावाच्या लग्नात नवी नवरी घरात यायच्या आत मी निघाले. आन स्वप्नालीच्या वेळी — पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना सगळ्यांचं? माझं इथं झालं, आईलाच यावं लागलं. लोकं म्हणली, केवढी माया नवराबायकोत! आई मातर जाताना भिंतीकडं बघत म्हणली, "सत्यशीले, दुसरं काहीतरी काढायचं होतंस." तिला मी हसण्यावारी नेलं.

— काय? छे छे, मारतात कशाला? काय बोलती गं! आवाजसुदिक चढवला न्हाई त्यांनी कधी. लई जीव हाय माझ्यावर. तेच तर म्हणते मी — माणूस आडवं आलं तर त्याच्याशी भांडता येतं. हे आडवे येत न्हाईत. "जा की, मी कुठं धरलंय?" म्हणतात. आन मग जेवत न्हाईत. भूक न्हाई म्हणतात. ताट तसंच, आन हे त्या खुर्चीत बसून भिंतीकडं बघत्यात. मग मीच म्हणते, बरं, न्हाई जात. मग जेवतात. दुसऱ्या दिवशी चौसाळ्याहून माझ्यासाठी गजरा आणतात. आता सांग, कुणाशी भांडू? गजऱ्याशी?

उसवायचंबी बघितलं एकदा. हे शेतात होते. चौकट खाली घेतली, मागचा पुठ्ठा काढला, सुई घेतली. पहिला 'आ' निम्मा उसवला आन बघते तर — कापड सगळं पिवळं पडलेलं, आन दोऱ्याखाली पांढरं तसंच. दोरा निघाला तरी 'आ' जागच्या जागी! दिसतंय की सगळं. घाबरून परत शिवून टाकला. जवळ जाऊन बघ, तो 'आ' बाकीच्यापेक्षा जाड हाय. ह्यांना अजून कळलं न्हाई. रोज बघतात, पण कळलं न्हाई.

बॅगेत? बॅगेत काय, जुनेपाने कपडे. — न्हाई, तुझ्यापासून काय लपवायचं. बाळाची टोपडी हायत, दुपटी हायत. स्वप्नालीला डॉक्टरनं झोपून राहा म्हणलंय, पुण्याहून हलायचं न्हाई, न्हाईतर मीच आणलं असतं तिला इथं. जावई कामाला जातात, पोरगी दिवसभर एकटी छताकडं बघत पडती. काल फोनवर म्हणली, "आई, तू न्हाई आलीस तरी चालंल." असं लेकरू कवा म्हणतं गं? लई पायजे असतं तवाच म्हणतं. ह्यांना म्हणलं, तुमीबी चला. तर म्हणले, माझ्या हाताशिवाय म्हैस पान्हा सोडत न्हाई. म्हणलं, मग मी एकटी जाते. म्हणले, "जा की." आन ताट सरकवलं. ही बॅग मी भरते आन रिकामी करते, भरते आन रिकामी करते. आज रिकामी केली न्हाई, येवढंच. जाणार हाय असं न्हाई म्हणत मी. तू बाहेर बोलू नको. तुझ्या कापडावर फुलंच काढू दे गं मला, ऐक माझं. फूल कुणाला काही म्हणत न्हाई. फूल कुणी पाळायला लावत न्हाई.

— गाडी वाजली. आले. गप.

आलात का? कॅन तिथंच ठेवा, धुऊन घेते मी. चहा ठेवते. ही करिष्मा, हो, जमलं की तिचं, अंतरपाट काढून द्या म्हणती. — हो, आपलीच अक्षरं पायजेत तिला. बघा, किती खूश झाले हे! सांगा की तिला. — मी? मी कशाला, तुमी चांगलं सांगता. — बरं, सांगते. तर करिष्मा, आमच्या लग्नात जे हातानं होतंय ते विकत आणायचं न्हाई असं ठरलेलं. पाट ह्यांनी केले, दोरा आमी दोघांनी रंगवला. हो, पळसाच्या फुलात. आन मग अंतरपाटावर आमी लिहिलं — आमी लिहिलं की — न्हाई ओ, विसरले न्हाई. सांगू नका, येतंय मला. ते काय समोरच हाय. आजपासून —

जा तू आता, करिष्मा. दिवस मावळला, आई वाट बघत असंल. कापड ठेव इथंच. न्हाई, चहा न्हाई मिळायचा आज. कुणालाच न्हाई. जा म्हणलं ना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शहादेव करिष्माच्या दारात आला. हातात तिचं कापड होतं, कोरंच. सत्यशीला पहिल्या गाडीनं पुण्याला गेली, असं त्यानं सांगितलं, आणि तिथंच पायरीवर बसून कपभर चहा मागितला.