सरळ गेले असते तर सव्वा तास

हॅलो?… हो आत्या, बोल. ऑफिसातच आहे गं, लोकांची तिकिटं काढतेय… काय? नाही, विमान-बिमान काही पडलेलं नाही! अभद्र काय बोलतेस?… हो, बाबा आणि काका दोघंही सकाळीच निघाले. मीच सोडलं विमानतळावर. गाडीत एक पुढे, एक मागे, आणि कुणी तोंड उघडेल तर शपथ!

अगं ऐक ना… हो, अंतर सहाशे किलोमीटरच आहे. सरळ विमान सव्वा तासात येतं, मान्य… पण मी त्यांना सरळ पाठवलंच नाही!… आत्या, ओरडू नकोस. परवा ऑपरेशन आहे ना तुझं? खाली बस आधी… बसलीस?

हे बघ, तूच म्हणालीस ना, दोघं भाऊ एकमेकांशी बोलत घरात शिरले तरच ऑपरेशनला जाईन म्हणून?… म्हणालीस, रडत रडत म्हणालीस… मग सव्वा तासात काय होणार होतं गं? बाबांना नुसता पट्टा लावायलाच अर्धा तास लागतो! पुढे एक जण ढग बघणार, दुसरा झोपेचं सोंग घेणार, की उतरले… म्हणून लांबून पाठवलं. आधी उलट्या दिशेला, तिथल्या विमानतळावर चार तास बसायचं, मग तुझ्याकडे… किती? होतात सोळाशे-सतराशे किलोमीटर… हो, वेडीच आहे मी. भाची कुणाची?

सीट शेजारी-शेजारीच… छे, त्यांना कुठलं सांगतेय! म्हटलं, सरळ विमानात जागाच नाही… अगं, एका शिडीवरून नऊ वर्षं अबोला! शिडी बाबांची होती, काकांनी माळ्यावर मावेना म्हणून कापली, मान्य. पण किती ताणायचं माणसानं?

थांब, ऑफिसच्या फोनवर बाबाच आहेत. ठेवू नकोस हं…

हं बाबा?… सुटलं? विमान सुटलं?… अहो, पण तुम्ही दारासमोरच बसला होतात ना!… हा आवाज कुणाचा? काका?… काय म्हणतायत, शिडी मुळात डुगडुगतच होती?… बरं, बरं… बाबा, लोक बघत असतील तर जरा हळू भांडा… हो, करते काहीतरी. तिथेच बसा. दोघंही!

आत्या? आहेस ना?… अगं, त्यांचं पुढचं विमान चुकलं. नावं घेऊन घेऊन पुकारलं म्हणे, यांना ऐकूच आलं नाही. भांडत होते!… रडतेस काय? बोलतायत ते, आत्या, बोलतायत! काकांनी बाबांना चक्क 'दाद्या' म्हणून हाक मारली. माझ्या कानांनी ऐकली. पुढे एक शिवीही होती, ती सोड… हं, हसलीस ना?

उद्या सकाळी पहिलं विमान आहे… हो गं, ऑपरेशनच्या आधी अगदी आरामात पोचतात… रात्री? विमानतळाजवळच हॉटेल बघतेय… दोन खोल्या? आहेत की, हव्या तेवढ्या आहेत… पण मी एकच घेतेय… पलंग? थांब हं, बघते… एकच दिसतोय… नाही, मधे उशी वगैरे काही मागत नाही मी! चल, ठेवते. बाबांचा परत फोन यायच्या आत पैसे भरून टाकते.